बिनरांगोळीचं सारवण

शहरातल्या माणसाला खेड्याचा पुळका आला की मरण होतं ते तिथं राबणाऱ्या बाईचं. हे मला ऐन लग्नाच्या वयातच कळलं, येऊरच्या डोंगराखाली एका रात्रीच्या मुक्कामात.

स्वातंत्र्य मिळून चार-पाच वर्षं झाली असतील. मुंबईतल्या एका साहेबी कंपनीतून मोठ्या हुद्द्यावर निवृत्त झालेले एक गृहस्थ माजिवड्याच्या पुढे, रानात, झोपड्या बांधून राहिले होते. जन्मभर टाय बांधून सलाम ठोकले आणि पेन्शन सुरू झाल्यावर यांना निसर्ग आठवला. कुडाच्या भिंती, गवताची छपरं, शेणाची जमीन. मुंबईचे लोक शनिवारी तिथं मुक्कामाला यायचे आणि आमच्या कोकणातल्या घरी जे फुकट होतं नि कुणाला नको होतं, त्याचे पैसे मोजून जायचे. फाटकावरच्या पाटीवर संस्कृत नाव होतं, इतकं लांबलचक की शेवटची दोन अक्षरं रंगाऱ्याने बारीक करून कोपऱ्यात कोंबली होती.

या गृहस्थांचा मुलगा बी.एस्सी. होता आणि त्याच्यासाठी मला दाखवायचं होतं. पाहायला मुलाकडच्यांनी यायचं ही रीत. पण यांनी उलटा निरोप धाडला की तुम्हीच मुलीला घेऊन मुक्कामाला या, आम्हांला तिला निसर्गात पाहायचंय. हुंडा नको म्हणाल्यामुळे माझे वडील हरखून गेले होते. अट एकच होती. मुलगा मुंबईत नोकरी करणार, शनिवारी येणार. सून मात्र इथंच राहून पाहुण्यांचं बघणार. वडिलांना ती अट वाटलीच नाही. आई काही बोलली नाही, आणि तिचं न बोलणं हा होकार की नकार, हे मला कधीच ओळखता आलं नाही. त्यामुळे मी घाबरले होते. कारण माझं ठरलेलं होतं. कोकण सोडून आम्ही ठाण्याच्या नौपाड्यातल्या दोन खोल्यांत आलो तेव्हा खाली शहाबादी फरशी बघून आई किती दिवस ती पुसून झाल्यावर नुसती बघत बसायची. मॅट्रिक होऊन मी परत शेणात हात घालणार नव्हते.

ठाण्याहून टांगा आणि पुढे बैलगाडी करून आम्ही संध्याकाळी पोचलो. झोपड्यांना पाखरांची नावं दिलेली. आमच्या वाट्याला भारद्वाज आला. आई दारातच थबकली. जमीन ताजी सारवलेली होती आणि तिच्यावर रांगोळीचं बोटसुद्धा नव्हतं. आमच्याकडे सारवलेली जमीन तशीच ठेवत नाहीत, घाई असली तरी दोन रेघा ओढतात. नुसतं सारवून सोडतात ते घरातून मयत हलवल्यावर. आईने इकडेतिकडे पाहिलं. शेजारच्या मैनेतही तसंच, पलीकडच्या सुगरणीतही तसंच. रांगेने सगळ्या घरांत कुणीतरी मेल्यासारखी अवकळा.

जेवताना यजमानांनी खुलासा केला. पळसाच्या पानावर भिजवलेले मूग आणि किसलेला कच्चा दुधी वाढला होता, कशालाच मीठ नव्हतं. मीठ हे विष, चहा हे विष, साखर हे पांढरं विष, असं त्यांचं चाललं होतं. वडील माना डोलावत होते.

"आणि रांगोळी म्हणजे काय हो? दगडाचा चुरा. रानात कुठं पाहिलीत रांगोळी?"

"खरंय, खरंय," वडील म्हणाले.

रानात बी.एस्सी.ही पाहिलेला नव्हता, पण मी समोरचे मूग गिळले. यजमानीणबाई वाढत होत्या. आल्यापासून त्यांचा आवाज मी ऐकला नव्हता. नवऱ्याची पाठ वळली तशी त्यांनी कनवटीची पुडी सोडून आमच्या पानांवर चिमूट चिमूट मीठ टाकलं आणि पुढे गेल्या. आईने मान वर करून त्यांच्याकडे पाहिलं.

हात धुवायला मागच्या बाजूला गेले तेव्हा आंब्यांच्या आड त्यांचं स्वतःचं घर दिसलं. मंगलोरी कौलं, आत गुळगुळीत फरशी, कोपऱ्यात रेडिओ. म्हणजे निसर्ग फक्त पाहुण्यांसाठी होता, आणि यापुढे माझ्यासाठी. मला हसू यायला हवं होतं, पण संतापाने डोळ्यांत पाणी आलं.

रात्रीचं फार सांगण्यासारखं नाही. गवताची गादी टोचत होती. डास मारायचे नाहीत, तेही निसर्गाचेच, असा दंडक होता. वडील अंधारात हळूच एकेक मारत होते आणि सकाळी "काय शांत झोप लागली" म्हणाले.

सकाळी भारद्वाजच्या ओट्यावर मंडळी जमली. मुंबईचे दोन-चार पाहुणेही चहाविना केविलवाणे होऊन बसले होते. गाता येतं का, विणता येतं का, या प्रश्नांची उत्तरं मी घोकून आले होते.

यजमान म्हणाले, "मुली, सारवता येतं का?"

"येतं तर! कोकणातली आहे," वडीलच म्हणाले. त्या वेळी मला त्यांचा जेवढा राग आला तेवढा पुढे कधी आला नाही.

शेणाची बादली तयारच ठेवली होती. मी पदर खोचला आणि बसले. यजमान वेताच्या खुर्चीतून पाहुण्यांना भूमातेच्या स्पर्शाचं माहात्म्य सांगू लागले. उंटावरून शेळ्या हाकायची यांना नोकरीतली सवय होती. माझा हात सरकत सरकत मुलाच्या खुर्चीपर्यंत गेला. त्याने वर्तमानपत्र न हलवता पाय तेवढे वर घेतले, मोलकरीण केर काढायला आली की घेतात तसे. त्याच्याबद्दल मनात जी काही थोडी उत्सुकता होती ती तिथंच संपली.

सारवण मात्र मी नीट केलं. वाईट करून सुटावं असं मनात आलं होतं, पण हाताला ते जमेना. मग उठले आणि म्हणाले, "जरा रांगोळी द्या."

"रांगोळी आपण वापरत नाही," यजमान हसून म्हणाले. "रात्री सांगितलं ना?"

"सांगितलंत. पण नुसतं सारवलं की आमच्याकडे शेजारी विचारायला येतात."

"काय विचारायला?"

"कोण गेलं म्हणून."

पाहुण्यांपैकी एक बाई चटकन ओट्यावरून खाली उतरल्या. मुलाने वर्तमानपत्र पहिल्यांदा खाली केलं. वडील माझ्याकडे बघेनात. तेवढ्यात यजमानीणबाई घरात जाऊन वाटीभर तांदळाचं पीठ घेऊन आल्या. ती त्यांनी मला दिली नाही. स्वतःच वाकल्या आणि ओल्या सारवणावर दोन रेघा ओढल्या, मग त्यांच्या शेजारी आणखी दोन, मग एक कमळ.

"हे काय चाललंय?" यजमान म्हणाले.

बाईंनी कमळाची शेवटची पाकळी पुरी केली आणि पुढच्या झोपडीकडे वळल्या.

यजमान वडिलांना म्हणाले, "मुलीला फार बोलता येतं." म्हणजे काय ते सगळ्यांना कळलं. आम्हांला गाडीपर्यंत पोचवायला कोणी आलं नाही.

माजिवडा येईपर्यंत वडील तोंड फिरवून बसले होते. आई मांडीवर बोचकं घेऊन रस्त्याकडे बघत होती. आता ती कोणाच्या बाजूने बोलेल, याची मला धास्ती होती. नखांत शेण तसंच होतं. नौपाड्याला जायला टांगा मिळाला तेव्हा वडिलांनी सुस्कारा सोडला.

"मुलगा चांगला होता गं."

आईने माझा हात ओढून आपल्या पदराने पुसला.

"होता," ती म्हणाली.