जुन्या पत्त्यावरची पाटी

आमच्या गावाच्या मुंबईतील मंडळात एक नियम फार जुना आहे. कोणताही खर्च करण्यापूर्वी तीन दरपत्रके मागवायची, ती सभेपुढे उघडायची आणि मगच निर्णय घ्यायचा. नियमामागे कारण आहे. एके काळी मांडवाचे काम दरवर्षी अध्यक्षांच्या मेहुण्याकडेच जात असे आणि त्यावरून मंडळ फुटायची वेळ आली होती. तेव्हा गिरणीत राबलेल्या माणसांनी एकत्र बसून हा नियम केला. त्याने पुष्कळ वर्षे आमच्यात भांडण होऊ दिले नाही.

मुलुंडच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी या मंडळाची चिटणीस झाले. सभा घाटकोपरच्या एका शाळेतल्या वर्गात भरते. मोठी माणसे लहान बाकांवर गुडघे आवळून बसतात, आणि मला अजूनही फळ्याजवळच उभे राहावेसे वाटते.

मंडळाचे एक संकेतस्थळ होते. देवळाची छायाचित्रे, जत्रेची माहिती आणि कोणालाही चार ओळी लिहिता येतील असे एक अभिप्रायाचे पान. ते आमच्या एका जुन्या सभासदाच्या मुलाने महाविद्यालयात असताना तयार केले होते. संकेतस्थळाचे नावही त्यानेच शोधले. या सभासदांना आम्ही सगळे आबा म्हणतो. पुढे आबांनी गावची कलमांची बाग विकली. त्यावरून बापलेकांत जे बोलणे झाले ते शेवटचेच ठरले. मुलगा घर सोडून गेला. नंतर आबांची कांदिवलीची चाळ पुनर्विकासाला गेली, फोनचा क्रमांकही बदलला. मुलाला ठाऊक असलेला आणि अजून जागेवर असलेला असा एकच पत्ता उरला: हे संकेतस्थळ.

दरवर्षी चतुर्थीच्या आधी आबा माझ्याकडे येत. "बाईनू, लिवा," म्हणत, आणि मी अभिप्रायाच्या पानावर लिही की घर बदलले आहे, नवा क्रमांक खाली आहे, चवथीला ये. एका वर्षी त्याखाली उत्तर आले. 'मी बरा आहे.' नाव नव्हते. आबांनी ते बोटाने पुन्हा पुन्हा वाचले.

"ह्यो तोच," ते मुलाच्या आईची आठवण काढत म्हणाले. "तेची आवस पण अशीच अर्ध्यार थांबी."

संकेतस्थळाच्या नावाविषयी, म्हणजे इंटरनेटवरच्या त्याच्या पत्त्याविषयी, एक गोष्ट समजून घ्यायला हवी. ते आपल्या मालकीचे नसते. ठरावीक मुदतीसाठी घेतलेले असते आणि मुदत संपत आली की नूतनीकरण करावे लागते. नावे विकणारी दुकाने पुष्कळ आहेत. नवे गिऱ्हाईक मिळवण्यासाठी ती एकमेकांशी चढाओढ करतात आणि पहिल्या वर्षी नाव जवळजवळ फुकट देतात. नूतनीकरणाच्या वेळी भाव वाढतो. ज्याने आपला पत्ता साऱ्या जगाला सांगून ठेवला आहे तो आता कुठे जाणार, हे विक्रेत्याला ठाऊक असते.

आमचे खजिनदार महापालिकेतून निवृत्त झालेले, अत्यंत सचोटीचे गृहस्थ. नूतनीकरणाचा भाव पाहून ते उभेच राहिले.

"नाव तेच, काम तेच. मग एवढे कशाचे? ही लूट आहे. तीन दरपत्रके मागवा."

आमची सहचिटणीस पवईच्या एका कंपनीत संगणकाचेच काम करते. ती म्हणाली, "काका, ही काय मांडवाची कनात आहे? आत्ता भरून टाकू ना. तारीख गेली तर नाव दुसराच कोणी घेईल, वाट लागेल."

"वीजबिल उशिरा भरलं तर दंड बसतो गं. मीटर शेजाऱ्याच्या नावावर होत नाही."

वर्ग हसला. आबाही हसले. विनोद त्यांच्या मुलाला ठाऊक असलेल्या एकमेव दाराविषयी चालला आहे, हे त्यांना कोणी सांगितले नव्हते.

दरपत्रके आली. दुसरे एक दुकान पुष्कळ स्वस्त होते. मात्र तिकडे नाव नेण्यासाठी जुन्या दुकानाकडून एक संकेतांक लागतो. तो मागितला की 'आपली विनंती मिळाली आहे' एवढेच उत्तर येई. मुदत गेली. मग दंड भरून नाव परत घेता येते ते थोडे दिवस सुरू झाले. रक्कम वाढली म्हणून पुन्हा सभेची मंजुरी हवी, आणि सभा महिन्यातल्या एका रविवारीच. ती भरेपर्यंत नाव लिलावात जाऊन कोणा अनोळखी माणसाकडे पोहोचले होते. त्याने आमचे गाव पाहिलेले नसणार. पण हे नाव आम्हांला हवे असणार, एवढे त्याला कळत होते, आणि त्याने किंमत तेवढ्यावरूनच ठरवली. मंडळाचा कित्येक गणपतींचा खर्च त्यात भागला असता.

यात बेकायदा काही नव्हते, असे सहचिटणीसने चौकशी करून सांगितले. वर्गात मी शिकवीत असे की एका वस्तूचे विक्रेते अनेक असले म्हणजे गिऱ्हाइकाला न्याय मिळतो. ते कांद्याबटाट्यांविषयी खरे आहे. आपले नाव एकच असते. खजिनदारांचा नियम चुकीचा नव्हता. तो या बाजारासाठी केलेला नव्हता, इतकेच.

सहचिटणीसने नवे नाव घेऊन जुनी सारी पाने तिथे मांडून दिली. 'मी बरा आहे' ही ओळसुद्धा. आबांनी ती पाहिली आणि विचारले, "पण तेका नवो पत्तो कसो कळतलो?"

मग त्यांनीच उपाय सुचवला. "आमची चाळ पाडली तेव्हा बाहेरच्या पत्र्यार पाटी लावलेली, कोण खंय ऱ्हवता ती. पोस्टमन ती वाचून येय. तशी जुन्या दारार लावक येयत काय?"

आम्ही त्या अनोळखी मालकाला लिहिले: नाव राहू द्या, फक्त नवा पत्ता सांगणारी एक ओळ ठेवा. उत्तरात पुन्हा तीच किंमत आली. खजिनदार त्या दिवशी सभा संपल्यावर बाकावर बसून राहिले. "मी माझ्या खिशातून देतो," ते म्हणाले. पण रक्कम त्यांच्या निवृत्तिवेतनाच्या आवाक्यातली नव्हती, आणि हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नव्हते.

यंदाही चतुर्थीच्या आधी आबा आले. मी नव्या पानावर नेहमीचा मजकूर लिहिला. मग ते म्हणाले, "जुना पण उघडा मा." मी उघडले. पांढऱ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ होती.

"काय लिवल्यानी हा?"

"हे नाव विकायचे आहे, असे लिहिले आहे."

त्यांनी त्या ओळीवरून बोट फिरवले.

"म्हणजे तो कधी इलोच," ते म्हणाले, "तर तेका वाटतला, बापाशीन ह्या पण विकल्यान."