सुनेच्या हातातलं ताट

बोअरची गाडी चालू झाली की ओल्या मुरमाचा वास सुटतो आणि मला गावाची ती कोरडी विहीर आठवते. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, पाऊस मात्र आला नव्हता. विहीर खोदणाऱ्या बायांसोबत दुपारी भाकरी खाताना मी, नऊ वर्षांची, शेजारच्या घरातल्या नव्या सुनेला गोष्ट सांगितली: सासऱ्यानं पाण्यासाठी सून विहिरीत उतरवली, पाणी चढत गेलं, आता ती तळाशी सोन्याच्या झोक्यावर बसते. "मग वर कवा येती?" तिनं विचारलं. "येत न्हाई," मी म्हणाले. तिचा घास हातातच राहिला. संध्याकाळी मुकादमानं पूजेचं ताट आणलं. तळाशी उतरून विहिरीची ओटी नव्या सुनेनं भरायची, असा रिवाज होता. ती शिडीपाशी आली, पण पाऊल पुढं टाकेना. बाया हसायला लागल्या. "आत्याबाई, मला वर येऊ द्याल न्हवं?" तिनं सासूला विचारलं. हसणं थांबलं. सासूनं तिच्या हातातलं ताट काढून घेतलं. "सर मागं. म्या बी कुनाची तरी सूनच हाय," म्हणाली आणि स्वतः शिडी उतरली. त्या दिवशी पाणी लागलं नाही. आता पोरांना ती गोष्ट सांगताना मी सोन्याचा झोका गाळते आणि ताट सासूच्या हातात देते.