ताग फोटोले, शेण नाल्यात

माह्या पोरानं, गजाननानं, डेअरीचं मनात घेतलं. शेणाचा खड्डा म्हणे विहिरीच्या वरच्या अंगाले खंदतो, गोठ्याजवळ पडते. त्याच विहिरीचं पाणी आम्ही पितो. म्या नाही म्हटलं, तं म्हणे पुसदकडच्या मोठ्या डेअरीत असंच आहे, जाऊन पाहून ये. गेली.

महागाववरून सकाळची एसटी धरा. बायकांले तिकीट अर्धं आहे, जागेसाठी मात्र पूर्ण भांडा लागते. पुसदच्या स्टँडवर आलुबोंडा खाल्ला. तर्री झणझणीत, बोंड्यात आलू शोधा लागला. पुढं ऑटो. ऑटोवाले सलीमभाऊ म्हणे, "आजी, पदर नाकाले बांधून घ्या." मले वाटलं मजाक करते.

फाटकापाशीच ताग, पिवळाधम्मक फुललेला. मालक पाहुण्यांले त्यात उभं करून फोटो काढून राह्यला होता. ताग पेरतात कायले? पावसात उघडी माती वाहू नये, अन् फूल धरायच्या बेतात कवळा असतानी गाडला की खत व्हावं. याचा तं दांडा लाकूड झालता. गाडला काहून नाही, विचारलं.

"आजी, पाहुण्यांले फुलं आवडतात."

फुलं पाहाले मी एसटीत धक्के खाल्ले नव्हते. मागं गेली. शेणाचा खड्डा उताराच्या वर, उघडा, पावसानं भरून वाहत होता. गोठा धुतलेलं पाणीही सरळ नाल्यात. खाली वस्तीत एक बाई हापशीवर पाण्याचा गुंड भरून, वास घेऊन, ओतून देत होती. प्यायचं पाणी आता टेकडीपलीकडून आणतो म्हणे. माह्याकडं पाहून विचारलं, "तुम्ही काढला काय फोटो?"

म्या सरळ वापसीची एसटी धरली.

घरी आली तं गजाननानं खड्डा खंदून ठेवलेला, विहिरीच्या वरच. म्या बाज उचलली, खड्ड्यात टाकली अन् तिच्यावर बसली. गजानन वरतून म्हणे, "माय, निघ ना. लोक हासून राह्यले."

"हासू दे. तू टाक शेण."

दिवस बुडता बुडता त्यानं हात दिला. आता खड्डा वावराच्या खालच्या टोकाले आहे, वर पावसासाठी ताडपत्रीची पाल बांधलेली. वावरात आम्हीही ताग पेरला, कवळा होता तवाच गाडला. गजानन माह्याशी कामापुरतंच बोलते. सून रोज टोपलं उचलतानी कुरकुरते, "आत्याबाई, खड्डा लय दूर पडते."

पडू दे. विहीर जवळ आहे.