चित्रात लपवलेला आकडा

अजूनही ती केस आठवली की माझी चिडचिड होते. दोन हजार सालानंतरची गोष्ट. कोल्हापुरात मी निरीक्षक होतो. एका स्थानिक निर्मात्याचा सिनेमा थिएटरला लागायच्या आधीच त्याच्या सीडी बाजारात आल्या. खबर मिळताच उचगावच्या एका दुकानावर छापा घातला, दोन पोती सीडी जप्त केल्या. दुकानदाराचं एकच पालुपद, "पार्सलनं आल्या, साहेब. पाठवणाऱ्याला बघितलंबी न्हाय."

निर्मात्याचा संशय थिएटरच्या ऑपरेटरवर. आवाज तपासायला एक प्रत त्याच्याकडे दिली होती. पन्नाशीचा, अबोल माणूस. तीन दिवस त्याला ठाण्यात बोलावून तेच ते प्रश्न विचारले.

"साहेब, सगळी हयात मशीनपाशी काढली. स्वतःच्याच पोटावर पाय देईन व्हय?"

मला ते पाठ केलेलं वाटलं.

चौथ्या दिवशी सिनेमाचा संकलक आला. म्हणाला, "साहेब, बाहेर दिलेल्या प्रत्येक प्रतीच्या चित्रात मी वेगळा आकडा लपवलाय. डोळ्यांना दिसत नाही, कॉम्प्युटर वाचतो. नक्कल केली तरी पुसत नाही."

"मग चार दिवस काय करत होतास?"

"निर्मात्यांना न विचारता घातला होता. भ्यालो."

मी कपाळावर हात मारला.

त्याचा कॉम्प्युटर ठाण्यात आणला, तर वीज गेली. दुपारी आली, तर पंचनाम्याला बोलावलेला पंच अडून बसला. "मला नुसती नटी दिसतीया की! आकडा कुठाय? सही कशी करू?" खरं तर मलाही दिसत नव्हता. संकलकानं मूळ सिनेमाशी जप्त सीडी जुळवून पाहिली, तेव्हा आकडा उमटला. तीन. आणखी चार सीडी तपासल्या. सगळ्यांत तोच आकडा. संकलकाच्या यादीत ऑपरेटरची प्रत पाचवी होती. तिसरी निर्मात्यानं स्वतःच्या मेहुण्याला दिली होती.

मेहुणा तासाभरात कबूल झाला. "पडद्यावर सगळ्यांची नावं घातली, माझंच न्हाय!" एवढ्या रागापायी त्यानं ती प्रत बाहेर दिली होती.

निर्माता लगेच मऊ झाला. "साहेब, घरातला मामला हाय. मिटवून टाका की."

"गुन्हा दाखल झालाय. आता कोर्टात बोला," मी म्हणालो.

ऑपरेटरला सांगायला मी स्वतः त्याच्या घरी गेलो. "बरं झालं," तो म्हणाला, "पण थिएटरच्या मालकानं परवाच माझ्या जागी दुसरा माणूस घेतला." मालकाकडेही गेलो. त्याचं उत्तर, "तीन दिस तुमीच त्याला ठाण्यात बसवलं न्हवं का?"

मी संकलकावर ओरडलो, निर्मात्यावर ओरडलो. पण प्रती किती आणि कुणाकुणाला दिल्या, हे पहिल्याच दिवशी विचारायचं काम माझं होतं. फिर्यादीनं बोट दाखवलं आणि मी तिकडेच बघत राहिलो. त्यानंतर निवृत्त होईपर्यंत अशा प्रत्येक फिर्यादीला आधी विचारत गेलो, "तुमच्या घरच्यांपैकी कुणाच्या हाती होतं?" माणसं चिडायची. मी चिडू द्यायचो.