गवती चहाचं तेल आणि शेवंताचे हात

भट्टीवर बसलं की सरळ उठता येत नाही. गवत उकळते, वाफ थंड होते, तेल थेंबाथेंबाने गळते. तोवर बायकांच्या तोंडाला दुसरं काम काय? आमच्या भट्टीतून तेलापेक्षा किस्सेच जास्त निघाले. तेल विकल्या गेलं. किस्से कोणी घेतले नाहीत, म्हणून ते माझ्याकडेच साचून आहेत.

आमचा बचत गट मोहर्लीच्या अलीकडच्या गावचा. गवती चहाचं तेल काढतो, बाटलीत भरतो. वाघ पाहायला आलेले लोक घेऊन जातात. वाघ नाही दिसला तर दोन बाटल्या जास्त घेतात.

*

सुरुवातीला ट्रेनिंग द्यायला एक सर आले. इस्त्रीचा शर्ट, हातात माइक. आम्ही बाया सगळ्या दहा फुटांच्या आत बसलेल्या, तरी माइक. म्हणाले, "ताई, हे शंभर टक्के नॅचरल आहे. याने कुणालाही काहीही होत नाही."

मी विचारलं, "सर, खाजकुयली पण नॅचरलच होय ना? लावून पाहता का?"

सरांनी चहा मागवला.

*

गावात अफवा उठली की बाया तेलाच्या नावाखाली मोहाची दारू काढून राह्यल्या. बेबीबाईचा नवरा मारोतराव खात्री करायला आला. बेबीबाई म्हणजे आमच्या शाळा समितीची अध्यक्ष, गावात तिचा शब्द चालते. मारोतरावाने नळीखाली बोट धरलं आणि मी ओरडेपर्यंत ओठाला लावलं. ओठ असा सुजला की दोन दिवस बोलता येईना.

बेबीबाई भांडायला येईल असं वाटलं होतं. आली, तर हळूच विचारते, "अजून थोडंसं भेटन का वो?"

हसलो आम्ही तेव्हा. बेबीबाईवर हसलेलं ते शेवटचं.

*

आमच्यात शेवंता सगळ्यात लहान. सकाळी शाळेत पोरांची खिचडी शिजवायची, दुपारी भट्टीवर बाटल्या भरायची. कातडी लहानपणापासून नाजूक, डास चावला तरी गांधी उठायच्या. सर सांगून गेले होते काही होत नाही, म्हणून उघड्या हाताने तेल भरायची. आधी बोटांना खाज आली. मग लाल झाली. मग कातडी सोलून निघाली आणि मनगटापर्यंत चट्टे पडले.

त्याच हप्त्यात रिसॉर्टमधल्या एका पाहुणीने आमचं तेल मानेला नुसतंच चोळलं आणि उन्हात जिप्सीत बसली. मान लाल झाली. मॅनेजर गाडी घेऊन धावला. डॉक्टर आणला, बर्फ आणला, माफी मागितली, रूमवर फुलं पाठवली.

मग आमच्याकडे आला ओरडायला. मी शेवंताचे हात पुढे केले. म्हटलं, "साहेब, हे पण पहा."

त्याने पाहिलं आणि म्हणाला, "साबणाने धूत जा ना."

*

चंद्रपूरला कातडीच्या डॉक्टरीणबाईकडे मीच तिला घेऊन गेली. त्या बाईने नीट सांगितलं. हा रोग नाही, हा तेलाचा त्रास आहे, दुसऱ्याला लागत नाही. हे तेल कोणीच नुसतं अंगाला लावायचं नाही. चमचाभर तिळाच्या तेलात एखादा थेंब, तोही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून एक दिवस वाट पाहायची. खाज आली तर ते तेल आपलं नाही. लहान पोरांना नाही, डोळ्याजवळ नाही. आणि शेवंताने तर जन्मात परत हात लावायचा नाही, तिच्या कातडीने आता त्याच्याशी वैर धरलं.

आम्ही खुशीत परत आलो. तोवर बेबीबाईने गावभर केलं होतं, शेवंताला महारोग झाला. पोरांना तिच्या हातचं खाऊ घालायचं नाही.

मी शाळेच्या मीटिंगमध्ये उभी राहून डॉक्टरीणबाईचं बोलणं सगळ्यांपुढे सांगितलं.

बेबीबाई म्हणाली, "डॉक्टरीण जेवून राह्यली का तिच्या हातचं?"

शेवंताची खिचडी सुटली.

*

गटाच्या गणपतीला शेवंताने शिरा केला. हात तोवर भरून आले होते, नुसते डाग राहिले होते. ती ओळीने प्रसाद देत गेली. बेबीबाईजवळ आली, तर बेबीबाईने पर्समधून चमचा काढला आणि तिच्यापुढे धरला.

घरून आणला होता. म्हणजे घरून निघतानाच ठरलेलं.

शेवंताने चमच्याने दिला. मीच बोलली असती, पण तिने माझा पदर धरून ठेवला होता.

*

बाटलीच्या जाहिरातीसाठी गवत धरलेल्या हातांचा फोटो पाहिजे होता. 'गावच्या कष्टकरी हातांनी बनवलेलं.' फोटोवाल्याने आमचे सगळ्यांचे हात उलटेपालटे करून पाहिले आणि शेवटी रिसॉर्टच्या काउंटरवरच्या पोरीचे घेतले.

नेलपॉलिश तेवढी पुसायला लावली.

*

मागच्या महिन्यात बेबीबाई भट्टीवर पळत आली. तोंडावर ओला टॉवेल. घरी लग्न होतं, चेहरा उजळते म्हणून कोणीतरी सांगितलं, तर हिने आमची बाटली तळहातावर ओतून गालभर चोळली होती. टॉवेल काढला तर गाल तव्यावरून उतरवल्यासारखे.

"पाच बादल्या पाणी मारलं वो, आग जाऊन नाई राह्यली. मले वाचवा."

"पाण्यानं तेल निघते का, बाई? आधी साधं तेल लावून पुसा लागते, मग साबण. अन् मग सरळ डॉक्टरकडे. डोये मिटून ठेवा."

पण लावणार कोण? भट्टी नुकतीच उतरवली होती. माझे हात तेलाने भरलेले, बाकी सगळ्यांचे भरलेले. ज्या हातांना आज त्या तेलाचा एक थेंब लागलेला नाही अशी भट्टीवर एकच बाई होती. बाहेर झाडाखाली सरपणाच्या मोळ्या बांधत बसलेली.

मी हाक मारली. शेवंता आली, हात धुतले, वाटीत तिळाचं तेल घेतलं.

मी म्हटलं, "कापसानं लाव, तुया हाताले लागू देऊ नको."

तिने मान हलवली. बेबीबाईसमोर जाऊन उभी राहिली. बेबीबाईने डोळे घट्ट मिटले होते, तोंड वर केलं होतं, प्रसादाला हात करतात तसं.

शेवंताने विचारलं, "बाई, हातानं लावू का चमच्यानं?"