कडू गटातले उंदीर

एम.फार्मला माझा विषय होता काडेकिराईत, तापावर देतात ती कडूजहर वनस्पती. त्याचा अर्क रोज घेतला तर शरीराला बाधतो का, हे पांढऱ्या उंदरांवर तपासायचं होतं. उंदरांचे चार गट केले: एकाला नुसतं पाणी, बाकीच्यांना थोडा, मध्यम आणि भरपूर अर्क. अठ्ठावीस दिवस रोज सकाळी मला बारीक नळीने तो त्यांच्या पोटात सोडायचा होता आणि दर आठवड्याला वजनं करायची होती. मी अकोल्याची, पुण्यात धायरीला खोली घेऊन राहणारी. बस बदलत कॉलेजला पोचेपर्यंतच माझं वजन उतरायचं. उंदरांचं मात्र वाढत होतं.

तेही शिस्तीत. पाणीवाले बेताने वाढले, थोडा अर्कवाले गुबगुबीत झाले आणि भरपूर अर्कवाले असे फुगले की एका हातात मावेनात. माझ्या गाइड मॅडम सहसा कशाने हुरळत नसत. आलेख पाहून मात्र त्यांनी चष्मा काढून पुसला आणि हे छापायला हवं म्हणाल्या. मी घरी फोन करून भुकेचं औषध शोधल्याचं सांगून टाकलं. आईने लगेच मावसभावासाठी एक बाटली मागितली.

चौथ्या आठवड्यात एकदा डबा आत राहिला म्हणून मी दुपारी परत गेले. अ‍ॅनिमल हाऊस सांभाळणारे चाचा, तीन पिढ्यांचे पुणेकर, निवृत्तीला आलेले, स्टुलावर बसून जाळीतून उंदरांना काहीतरी भरवत होते. चिक्कीचा गूळ. मार्केट यार्डात त्यांच्या मेव्हण्याचं गुळाचं दुकान होतं.

"चाचा, हे कधीपासून?"

"पहिल्या दिवसापासून. एवढं कडू पाजता तुम्ही. वर काही गोड नको?"

नळी थेट पोटात जाते, त्यांना चव कळतच नाही, असं मी समजावलं. चाचांनी विचारलं, तुम्ही चाखलंय का? चाखलं होतं, नंतर दिवसभर चहासुद्धा कडू लागला होता. मग झालं तर, ते म्हणाले. पाणीवाल्यांना का नाही दिला, असं विचारल्यावर त्यांनी माझी कीव केली. पाण्यावर कसला गूळ? ज्याला जास्त कडू त्याला मोठा खडा, हे त्यांनी पिंजऱ्यांवरच्या माझ्याच चिठ्ठ्या वाचून पाळलं होतं. रविवारीसुद्धा.

मी सगळं मॅडमना सांगितलं. त्यांनी आलेख पुन्हा समोर ओढला.

"म्हणजे गुळाने वजन वाढतं, हे आपण सिद्ध केलं," त्या म्हणाल्या. "अभिनंदन."

मग चाचांना बोलावणं गेलं. मला वाटलं, आता त्यांची नोकरी जाते. मॅडमनी त्यांना खुर्ची दिली आणि चूक काय झाली ते नीट सांगितलं. चाचा ऐकून घेऊन एवढंच म्हणाले, की शेवटी ही जनावरं तुम्ही जिवंत ठेवत नाही, मला ठाऊक आहे, म्हणून देत होतो. जाताना मात्र पुन्हा गूळ न देण्याचा शब्द दिला.

नवे उंदीर आले, पुन्हा अठ्ठावीस दिवस गेले. चाचांनी शब्द पाळला. अर्क निरुपद्रवी निघाला, भूकबीक कुणाची वाढली नाही. तोंडी परीक्षेत बाहेरच्या परीक्षकांनी प्रबंधाला उशीर का झाला म्हणून विचारलं. मी तोंड उघडायच्या आत मॅडम म्हणाल्या, "पहिल्या खेपेला उंदरांचे लाड झाले."

परीक्षकांनी गंभीरपणे मान डोलावली आणि ते लिहून घेतलं.