दिलावर मिस्त्रींची किळस

रसांची गणना करणाऱ्यांनी बीभत्साचा पाट पंगतीच्या टोकाकडे मांडला. शृंगाराला मानाचे आसन, करुणाला अश्रूंचा अभिषेक, वीराला जयघोष. जुगुप्सेच्या वाट्याला मात्र फिरवलेली तोंडे. परंतु किळस हीसुद्धा एक निष्ठाच आहे. ज्याला शुद्धाचे दर्शन एकदा घडले त्यालाच अशुद्धाची शिसारी येते, आणि ज्याला काहीच ओंगळ वाटत नाही त्याला सहसा काही पवित्रही वाटत नसते. आपल्याकडे सोशिकपणाची फार थोरवी गातात. गळते, खिळखिळे, कुजके असे सारे काही 'चालते' म्हणून पोटात घालणारा हा सोशिकपणा मनाला चढलेल्या बुरशीपेक्षा फारसा निराळा नसतो. 'चालते' हा शब्द ऐकला की दिलावर मिस्त्री खरोखरच थुंकत असत.

शेलूबाजारला कारंज्याच्या वाटेवर एका बाभळीखाली त्यांची पत्र्याची पडवी होती. महायुद्धाच्या काळात ते सैन्याच्या मोटारकारखान्यात सहा वर्षे राबले आणि तेथून दोन गोष्टी घेऊन गावी परतले: हातातले कसब, आणि गळतीविषयीचा अनावर तिटकारा. समोर तेल ठिबकणारी मोटार उभी असली तर त्यांच्या घशाखाली घास उतरत नसे. म्हणून त्यांची पत्नी बदरुन्निसाबी जेवणाच्या वेळी दारावर गोणपाट सोडून देई आणि मगच ताट वाढी.

सन १९५४ च्या वैशाखातली गोष्ट. त्या रस्त्यावर तेव्हा पाच मोटारी धावत. त्यांतल्या चार उदयसिंग शेठच्या. मिस्त्रींची चूल जवळजवळ त्या चार मोटारींवरच पेटे. या चौघींत एक सैन्याने मोडीत काढलेला जुना ट्रक होता. शेठने त्यावर लाकडी सांगाडा चढवून, बाके ठोकून त्याची प्रवासी मोटार केली होती. तिच्या स्टेअरिंगची पेटी, म्हणजे सुकाणूच्या चाकाचे वळण ज्या दात्यांमधून पुढच्या चाकांपर्यंत पोचते ती लोखंडी डबी, कित्येक महिन्यांपासून गळत होती. चालकाच्या अनवाणी पायांवर तेल ठिबके, त्यावर रस्त्याची धूळ बसे, आणि दिवस मावळेपर्यंत त्या पावलांवर काळ्या खपल्यांचे जोडे चढत.

चालक धनसिंग शेजारच्या तांड्यातला. मोटारीवर येण्यापूर्वी त्याने पंधरा वर्षे बैलगाड्या हाकल्या होत्या. पेटीत घातलेले तेल राहत नाही असे दिसल्यावर त्याला जे ज्ञान होते तेच त्याने वापरले. तणस जाळून त्याची राख एरंडेलात खलायची आणि ते काळे वंगण गाडीच्या आखाला चोपडायचे, ही आपल्याकडची पिढ्यान्‌पिढ्यांची रीत. धनसिंगने तेच वंगण पेटीत गच्च ठासून भरले. गळती थांबली. शेठने त्याची पाठ थोपटली. अज्ञानाची पाठ थोपटली जाते तेव्हा त्याला शास्त्राचा दर्जा मिळतो, आणि मग ते उपटून काढणे कठीण होते.

पंधरवड्यात गळती परत आली, सोबत दुर्गंधी घेऊन. नेमके त्याच सुमारास तांड्याचे लखमा नाईक यांनी आपल्या मुलाचे, सेवालालचे, वऱ्हाड मेडशीला नेण्यासाठी ही मोटार ठरवली. निघण्याच्या दिवशी सकाळी शेठने ती मिस्त्रींच्या पडवीत पाठवली. निरोप एवढाच, की वरून पुसून द्या. पाहुण्यांच्या कपड्यांना डाग नकोत.

मिस्त्रींनी चाक धरून पाहिले. एक वीतभर फिरवावे तेव्हा कुठे पुढची चाके जागी होत. ते खाली शिरले आणि पेटीचे झाकण उघडले. आत जे होते त्याचे वर्णन करणे सभ्य लेखणीला जड जाते. नासलेल्या एरंडेलाचा उग्र दर्प, गुरांच्या जखमेतून वाहावी तशी काळी लस, तिच्यात अर्धवट जळलेल्या तणसाच्या काड्या, आणि या सगळ्या चिखलात चमचमणारा पिवळा-पांढरा कीस. राखेने आतल्या पितळी बुशला, म्हणजे सुकाणूचा दांडा ज्यात फिरतो त्या नळीला, आणि पोलादी दात्यांना कानशीप्रमाणे घासून खाल्ले होते. दांडा आपल्या जागी डुलत होता; तिथे तेल अडवायला कितीही नवा नमदा, म्हणजे दाबलेल्या लोकरीची चकती, बसवला तरी तेल राहणे शक्य नव्हते. अकोल्याहून बुश कातून आणावी लागणार, आठ दिवस लागणार. तोवर ही मोटार रस्त्यावर नेऊ नये, दाते सुटले तर सुकाणू हातात नुसतेच फिरेल, असे मिस्त्रींनी सांगितले.

शेठ स्वतः आले. मागोमाग वऱ्हाडही आले. नवी पागोटी, डफ, शिदोरीची गाठोडी. शेठचे म्हणणे असे की, वाटेतल्या मालेगावपर्यंत रस्ता सरळ आहे, पुढचा मेडशीचा उतार धनसिंगच्या पायाखालचा आहे, आणि झाकण लावायला काही आठ दिवस लागत नाहीत.

"मानसाचं नाक गळत नाई काय, मिस्त्री? तरी तो चालते ना?"

"मानूस शिंकते, शेठ. लोकाले समजते. हे शिंकत नाई."

वऱ्हाडी हसले. शेठ हसले नाहीत. झाकण लावले नाही तर उद्यापासून आपली एकही गाडी या बाभळीखाली उभी राहणार नाही, असे त्यांनी सावकाश, सर्वांना ऐकू जाईल असे सांगितले. आतून बदरुन्निसाबीनेही ते ऐकले.

वऱ्हाडाच्या शिदोरीतून मिस्त्रींनी पळसाची एक पत्रावळ मागून घेतली. पेटीतली ती लस दोन्ही हातांनी खरवडून तिच्यावर काढली आणि पत्रावळ नाईकांच्या पुढ्यात धरली. लोकांनी नाकाला पागोट्यांचे शेव लावले.

"बोटात घ्या, नाईक. कचकच लागते काय?"

नाईकांनी चिमूट घेऊन चोळली. "लागते."

"हे लोखंड होय. सोताचंच आंग खाऊन राह्यलं."

धनसिंग मध्येच पुटपुटला, की गाडीच्या आखाले हेच तं चालते, मंग हिले कायले नाई चालनार. मिस्त्रींनी त्याच्याकडे ज्या नजरेने पाहिले तिच्यात राग नव्हता. नासलेल्या अन्नाकडे पाहावे तशी ती नजर होती.

लखमा नाईकांनी बोटांवरचा कीस पत्रावळीच्या काठाला पुसला. मग ते आपल्याच तांड्यातल्या त्या चालकाकडे वळले.

"धनसिंग, तुह्या लेकरांले घेऊन बसशीन काय याच्यात?"

धनसिंगने मान खाली घातली. नाईकांनी बैलगाड्या जुंपायला सांगितल्या.

वऱ्हाड रात्रभर चालून दुसऱ्या दिवशी उन्हे चढल्यावर मेडशीला पोचले. स्वागताची तयारी शिळी झाली होती, व्याही तोंड फुगवून बसले होते. तिथल्या बायांनी नवरदेवाला उद्देशून गीत रचले, की एका मिस्त्रीने चिमूटभर काजळ दाखवले आणि तांड्याचे सगळे मर्द भ्याले. ते गीत पुढे शेलूबाजारच्या बाजारातही आले.

शेठने मोटार दुसरीकडे नेली. कोणीतरी नवा नमदा ठोकला, घट्ट ग्रीस भरले, झाकण लावले. आणि सांगायला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे: ती मोटार पुढे दोन वर्षे धावली. कुठे उलटली नाही, कुणाला लागले नाही. लोक मिस्त्रींना मुद्दाम हटकून विचारत, काय झालं, गाडी तं चालते. ते म्हणत, "नशीब होय ते. मिस्त्रीगिरी नाई."

सत्याला पुरावा मिळतोच, अशी आपली एक गोड समजूत आहे. मिस्त्रींना तो कधीच मिळाला नाही, आणि त्यांनी त्याची वाटही पाहिली नाही. तेलाची इंजिने आणि शिवणयंत्रे दुरुस्त करून त्यांनी दिवस काढले. बदरुन्निसाबीने एकदाच विचारले होते, की चार नट कसून देले असते तं तुमचे हात झडले असते काय? "झडले असते," ते म्हणाले, आणि जेवायला बसले.

१९५९ च्या हिवाळ्यात ते गेले. त्यांच्यामागे एक ऐरण, पान्ह्यांची एक पेटी आणि बदरुन्निसाबी एवढेच राहिले. ऐरण लोहाराने नेली. पेटी बदरुन्निसाबीने विकली नाही.